तांब्याच्या मळीवर उगवलेले गवत

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील स्वान्सी या शहराला लागून उत्तरेकडे टावे नदीचे जे अरुंद खोरे पसरलेले आहे, तेथे सुमारे दोनशे वर्षे तांबे, जस्त आणि पोलाद यांच्या भट्ट्या पेटत राहिल्या, आणि त्या विझल्यानंतर मागे उरलेली जमीन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इतकी विषारी झाली होती की तिच्यावर गवताचे पातेही धरत नसे. अशा जमिनीवर पुन्हा शहर वसवायचे तर प्रथम तिच्यावर काहीतरी उगवले पाहिजे, या विचारातून १९६० नंतर तेथे जे प्रयोग झाले, ते वनस्पतींच्या साहाय्याने दूषित नागरी जमिनीवर उपचार करण्याच्या इतिहासातील एक आरंभीचे आणि आजही फार शिकवणारे प्रकरण आहे. या उपचारपद्धतीला पुढे ‘फायटोरेमेडिएशन’ असे भारदस्त नाव मिळाले आणि वनस्पती मातीतील विष शोषून जमीन शुद्ध करतात, अशी तिची लोकप्रिय ओळख रूढ झाली. स्वान्सीत मात्र वनस्पतींकडून अपेक्षित असलेले काम वेगळे होते. विष काढून नेणे हे ते काम नव्हते. विष जागच्या जागी धरून ठेवणे, वाऱ्याबरोबर उडू न देणे आणि पावसाबरोबर नदीत वाहू न देणे हे होते. या दोन कामांतील फरक ज्यांनी नीट ओळखला त्यांना यश आले, आणि ज्यांनी तो पुसट केला त्यांच्या पदरी निराशा आली, असे या विषयाच्या गेल्या साठ वर्षांच्या वाटचालीवरून म्हणता येते.

खोऱ्यातील पहिली तांब्याची भट्टी १७१७ मध्ये लँडोर येथे उभी राहिली. स्वान्सीच्या परिसरात तांब्याचे खनिज जवळपास नव्हतेच. होता तो दगडी कोळसा, आणि तोही थेट नदीकाठी. त्या काळच्या पद्धतीत खनिज पुन्हा पुन्हा भाजावे व वितळवावे लागे, आणि त्यासाठी खनिजाच्या वजनापेक्षा कितीतरी अधिक कोळसा जळत असल्यामुळे कोळसा खनिजाकडे नेण्यापेक्षा खनिज कोळशाकडे आणणे स्वस्त पडे. म्हणून कॉर्नवॉल आणि अँगलसी येथील खाणींतून, आणि एकोणिसाव्या शतकात क्यूबा, चिली व दक्षिण ऑस्ट्रेलिया इतक्या दूरच्या प्रदेशांतून खनिजाने लादलेली जहाजे स्वान्सीच्या बंदरात येऊ लागली. १७३७ मध्ये व्हाइट रॉक, १८१० मध्ये व्हिव्हियन घराण्याचा हाफोड आणि १८३५ मध्ये मॉर्फा असे एकापुढे एक कारखाने नदीच्या दोन्ही तीरांवर उभे राहिले, आणि १८२० च्या सुमारास ब्रिटनच्या तांबे वितळवण्याच्या एकूण क्षमतेपैकी नव्वद टक्के क्षमता या शहराभोवतीच्या वीस मैलांत एकवटली.

हे तांबे कोठे गेले, हेही या जमिनीच्या इतिहासाचाच भाग आहे. जहाजांच्या तळांना मढवण्यासाठी ते ब्रिटिश आरमाराने घेतले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेण्यासाठी चलन म्हणून वापरली जाणारी ‘मनिला’ नावाची कडी व्हाइट रॉकच्या आवारात ओतली जात, आणि त्यासाठी तेथे स्वतंत्र इमारतच होती. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनी हे तांबे मोठ्या प्रमाणावर विकत घेऊन भारतात पाठवू लागली. भारतीय व्यापाऱ्यांना डच लोकांमार्फत येणाऱ्या जपानी तांब्याच्या लहान, लालभडक कांड्यांची सवय असल्यामुळे ब्रिटिश भट्टीवाल्यांनी तशाच आकाराच्या कांड्या ओतून, त्या गरम असतानाच पाण्यात टाकून त्यांना तसाच लाल रंग आणण्याची युक्ती केली, आणि या मालाला त्यांच्या हिशेबवह्यांत ‘जपान कॉपर’ असे नाव पडले. तांबटांच्या हातोडीखाली हंडे, घागरी आणि कळशा होण्यासाठी जो धातू भारतात उतरत होता, त्यातील काहीची मळी आणि धूर टावेच्या काठी मागे राहत होता.

धुराची गोष्ट मळीच्या आधी सांगावी लागते, कारण जमीन प्रथम धुराने मेली. तांब्याच्या खनिजात गंधक आणि आर्सेनिक असे. भाजताना ते वायुरूपाने बाहेर पडून खोऱ्याच्या पूर्वेकडील किल्व्ही टेकडीवर आणि तिच्या पलीकडच्या शेतांवर उतरे. आधी झाडे गेली, मग झुडपे, मग गवत. मुळांची पकड सुटल्यावर मातीचा वरचा थर पावसाने धुऊन नेला आणि टेकडीच्या उतारावर खोल घळी पडल्या. गुरे आजारी पडू लागल्यावर शेतकऱ्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले, परंतु ज्या उद्योगावर सारे शहर पोट भरत होते त्याच्याविरुद्ध निकाल मिळणे सोपे नव्हते, आणि १८३३ मध्ये व्हिव्हियन यांच्याविरुद्धच्या दाव्यात शेतकरी हरले. उद्योजकांना धुराची जाणीव नव्हती असे मात्र म्हणता येत नाही, कारण १८२१ मध्येच धुरावर उपाय शोधणाऱ्यास एक हजार पौंडांचे बक्षीस जाहीर झाले होते आणि खुद्द मायकेल फॅरडे यांचा सल्लाही घेतला गेला होता. धुरातील गंधक पकडून त्याचे आम्ल करण्याची किफायतशीर रीत हाफोडमध्ये १८६० च्या दशकात आली. तोपर्यंत टेकडी उघडी पडून दोन पिढ्या उलटल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणींच्या तोंडाशीच खनिज वितळवणे परवडू लागले, आणि स्वान्सीच्या तांब्याला उतरती कळा लागली. १९२० च्या दशकात तेथील तांबे वितळवण्याचे काम थांबले. जस्ताची भट्टी १९७१ पर्यंत आणि मॉर्फा-हाफोड येथील पत्रे लाटण्याचे काम १९८० पर्यंत कसेबसे चालले. कारखाने बंद पडले तरी मळीचे डोंगर हलले नाहीत. तांब्याची मळी काळी, काचेसारखी आणि ठिसूळ. जस्ताच्या भट्टीतली राख तिच्याहून बारीक आणि झाडांना तिच्याहून घातक. पोलादाची मळी त्या मानाने सौम्य. १९६० च्या सुमारास शेकडो एकरांवर पसरलेल्या या ढिगाऱ्यांचे वजन सत्तर लाख टनांच्या घरात गेले होते, आणि रेल्वेने स्वान्सीत येणाऱ्या प्रत्येकाला शहराचे पहिले दर्शन याच उजाड खोऱ्यातून घडत असे. जमीन असंख्य मालकांत वाटली गेलेली होती, त्यातील अनेकांना तिचे करायचे काय हे ठाऊक नव्हते, आणि ढिगारे हलवण्याचा खर्च जमिनीच्या किमतीहून अधिक असल्यामुळे कोणीही पुढे येत नव्हते. दूषित जमीन पडीक का राहते, याचे उत्तर रसायनशास्त्राइतकेच मालकीत आणि भावात शोधावे लागते.

ही कोंडी फोडण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न विद्यापीठाकडून झाला. स्वान्सीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील रॉबिन ह्यूज जोन्स यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये ‘लोअर स्वान्सी व्हॅली प्रोजेक्ट’ सुरू झाला. नफील्ड फाउंडेशन, सरकारी संशोधन विभाग आणि नगरपालिका यांनी पैसा दिला. केनेथ हिल्टन संचालक झाले. भूगर्भ, जलविज्ञान, वाहतूक, लोकसंख्या, जमिनीची मालकी आणि वनस्पती अशा सर्व अंगांनी खोऱ्याचा अभ्यास करून १९६७ मध्ये त्याचा ग्रंथरूप अहवाल प्रसिद्ध झाला. आज हे सहज वाटते. त्या काळी मात्र औद्योगिक उजाडपणाकडे एका शहराचा एकसंध प्रश्न म्हणून पाहण्याची रीत जवळजवळ नव्हतीच, आणि या अहवालाची खरी थोरवी तेथे आहे.

वनस्पतींच्या प्रयोगांची सूत्रे गॉर्डन गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे होती. त्यांच्यासमोरचा प्रश्न दुहेरी होता. मळीत जस्त, तांबे आणि शिसे इतके की सामान्य गवताचे मूळ उगवताच खुंटावे. आणि त्याच वेळी नत्र व स्फुरद इतके कमी की विष नसते तरी पीक उपाशीच राहावे. पहिला उपाय साधा होता: ढिगाऱ्यावर सांडपाण्याचा गाळ, शहरातील कचरा किंवा पीट म्हणजे दलदलीतील कुजका वनस्पतिजन्य थर पसरायचा आणि त्यावर नेहमीचे बियाणे पेरायचे. पहिल्या वर्षी हिरवळ छान दिसे. पुढे मुळे वरचा थर ओलांडून खालच्या मळीत शिरत, तिथे ती मरत, आणि दोन-तीन वर्षांत हिरवळ ठिकठिकाणी पिवळी पडून विरून जाई. वरून झाकलेले विष खालून वर येते, हा धडा नंतर जगभरच्या अनेक प्रकल्पांनी आपापल्या खर्चाने पुन्हा गिरवला.

दुसरा उपाय कारखान्यांच्या प्रदेशात सुचला नाही; तो वेल्सच्याच जुन्या खाणींतून आला. १९५२ मध्ये टोनी ब्रॅडशॉ या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने अ‍ॅबरिस्टविथजवळच्या गोगिनान या शिशाच्या जुन्या खाणीवर वाढणाऱ्या ‘अ‍ॅग्रोस्टिस टेन्युइस’ या सामान्य कुरणी गवताविषयी एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. खाणीवरचे गवत आणि शेजारच्या कुरणातले गवत दिसायला एकच, जातही एकच. परंतु खाणीच्या मातीत लावले तर कुरणातले रोप मरे आणि खाणीवरचे जगे. फरक वरून दिसत नव्हता, तो आनुवंशिक होता. पुढे ही सहनशीलता मोजण्याची एक सुंदर, साधी रीत प्रचारात आली: एकाच रोपाचे तुकडे धातू मिसळलेल्या आणि न मिसळलेल्या द्रावणात ठेवायचे, काही दिवसांनी मुळांची लांबी मोजायची, आणि त्यांच्या गुणोत्तराला सहनशीलतेचा निर्देशांक म्हणायचे.

ब्रॅडशॉ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या धाग्याचा पाठपुरावा वीस वर्षे केला, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष उत्क्रांतीच्या अभ्यासकांनाही चकित करणारा होता. सामान्य कुरणातील गवताचे बी तांब्याच्या विषारी मातीवर पेरले तर हजारांतील एक ते चार रोपे जगत, आणि ही जगलेली रोपे बव्हंशी सहनशील निघत. म्हणजे विष नवीन गुण घडवत नव्हते. गवतात आधीच विरळ विखुरलेला गुण ते निवडून घेत होते, तोही एका पिढीत. निवड किती कडक असते याचा पुरावा ड्रुस-इ-कोएड या तांब्याच्या खाणीवर मिळाला. तेथे खाणीची सीमा ओलांडताच अवघ्या काही मीटरांत गवताची प्रकृती बदलते, आणि वारा ज्या दिशेला वाहतो तिकडे सहनशील परागकण कुरणात शिरत असल्यामुळे सीमा त्या बाजूला थोडी पुसट होते. उलट चांगल्या मातीत सहनशील गवत सामान्य गवताच्या स्पर्धेत मागे पडते. विषाविरुद्धची ही ताकद फुकट मिळालेली नसते, तिची किंमत रोप वाढीच्या वेगाने चुकवते.

हे ज्ञान जमिनीवर उतरवणे मग क्रमप्राप्तच होते. सहनशील गवताचे बी आणि सोबत नियमित खत, अशी जोडी स्वान्सीच्या व इतर ठिकाणच्या मळीवर वापरून पाहिली गेली, आणि नेहमीचे गवत जेथे विरले तेथे हे गवत टिकले. दोहोंपैकी एकच दिले तर मात्र ते टिकत नसे, कारण विष सोसणाऱ्यालाही भूक असतेच. १९७० च्या दशकात ब्रॅडशॉ आणि त्यांचे सहकारी स्मिथ यांच्या कामातून तीन वाण बाजारात आले: आम्लधर्मी शिसे-जस्ताच्या मातीसाठी ‘गोगिनान’, तांब्याच्या मातीसाठी ‘पॅरिस’ आणि चुनखडीयुक्त मातीसाठी ‘फेस्टुका रुब्रा’ या गवताचा ‘मर्लिन’. यातील ‘पॅरिस’चा फ्रान्सच्या राजधानीशी काही संबंध नाही, अँगलसीतील ज्या पॅरिस डोंगराच्या खनिजावर स्वान्सीच्या भट्ट्या एकेकाळी चालल्या, त्याच डोंगरावरून हे गवत आले. ज्या खाणीने खोरे विषारी होण्यास हातभार लावला, तिच्याच ढिगाऱ्यावर त्या विषाला तोंड देणारे बी दोनशे वर्षे आपोआप तयार होत होते.

या पद्धतीला पुढे वनस्पतिजन्य स्थिरीकरण असे नाव मिळाले. गवताची मुळे मळीचे कण बांधून ठेवतात, पाने पावसाचा मारा झेलतात, धूळ उडत नाही, पाणी पानांतून वाफ होऊन जात असल्यामुळे खाली झिरपणे कमी होते. धातू मात्र तेथेच राहतो, आणि सहनशील गवत सहसा तो मुळांत अडवून पानांपर्यंत फार जाऊ देत नाही, जे चरणाऱ्या गुरांच्या दृष्टीने हिताचे असते. गवताच्या जोडीला किल्व्हीच्या उतारावर आणि खोऱ्यात वनखात्याने व प्रकल्पाने झाडेही लावली, लॉजपोल पाइन आणि लार्च यांसारखी, आणि त्यात शाळकरी मुलांना सामील करून घेतले, कारण स्वतः लावलेले रोप मूल सहसा उपटत नाही. प्रकल्पाच्या या बाजूकडे संशोधकांचे लक्ष कमी गेले आहे. वस्तुतः तीन पिढ्या ज्यांनी ही जागा फक्त ओसाड पाहिली होती, त्यांच्या नजरेत ती पुन्हा जमीन म्हणून उभी करणे हे गवताच्या बियाण्याइतकेच आवश्यक होते.

१९६६ पर्यंत काळ संशोधकांच्या बाजूने होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी स्वान्सीपासून फार दूर नसलेल्या अ‍ॅबरफॅन या खाणगावावर कोळशाच्या टाकाऊ मालाचा ढिगारा घसरला आणि १४४ माणसे गाडली गेली; त्यांपैकी ११६ मुले होती. त्या दिवसानंतर वेल्समध्ये ढिगाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी कायमची बदलली. सरकारने पडीक जमिनींसाठी स्वतंत्र विभाग स्थापून ढिगारे हटवण्यासाठी अनुदान खुले केले, आणि स्वान्सीच्या नगरपालिकेने तुकड्यातुकड्यांनी जमीन विकत घेऊन बुलडोझर लावले. अ‍ॅबरफॅननंतर कोणाही नगरसेवकाने ढिगाऱ्यावर गवत लावू असे म्हणणे शक्यच नव्हते, आणि त्याला दोष देता येणार नाही. मळी रस्त्यांच्या भरावात गेली, सखल जागा भरल्या, वर स्वच्छ माती पसरली, आणि जे काम गवताला कित्येक वर्षे करावे लागले असते ते यंत्रांनी झटपट उरकले. १९८१ मध्ये ब्रिटनमधील पहिले ‘एंटरप्राइझ झोन’, म्हणजे करसवलत देऊन उद्योग व दुकाने आकर्षित करणारे क्षेत्र, याच खोऱ्यात जाहीर झाले. पुराचे पाणी सामावण्यासाठी फेन्ड्रॉड तलाव खोदला गेला. मॉर्फाच्या जागेवर २००५ मध्ये फुटबॉलचे नवे क्रीडागार उघडले. शहर परत आले, परंतु ज्या प्रमाणात आले त्या प्रमाणात सहनशील गवताचे काम मर्यादित होत गेले: जेथे इमारत हवी तेथे माती हलवली गेली, आणि जेथे कोणालाच घाई नव्हती तेथेच वनस्पतींना अवधी मिळाला.

खोऱ्यात हे काम चालू असतानाच वनस्पतींकडून अधिक मोठी अपेक्षा करणारा दुसरा विचार अमेरिकेत आकार घेत होता. काही वनस्पती धातू मुळांत न अडवता पानांत साठवतात, हे १८८५ मध्येच आखेनजवळच्या जस्ताच्या मातीवरील पिवळ्या व्हायोलेटच्या राखेतून दिसले होते, आणि १९७० च्या दशकात रॉबर्ट ब्रुक्स यांनी अशा वनस्पतींना ‘हायपरअ‍ॅक्युम्युलेटर’, म्हणजे अतिसंचयी, हे नाव दिले. १९८३ मध्ये रूफस चेनी यांनी सुचवले की अशी पिके काढून, कापून, जाळून जमिनीतील धातू उपसता येईल. पुढच्या दशकात न्यू जर्सीतील ट्रेंटन शहरात, जेथे एकेकाळी शिसे वापरणाऱ्या बॅटऱ्या बनत, त्या पडीक कारखान्याच्या जागेवर शिसे उपसण्यासाठी जे पीक पेरले गेले ते म्हणजे ‘ब्रॅसिका जुन्सिया’, म्हणजे मराठी घरातल्या मिसळणाच्या डब्यातून फोडणीत पडणारी मोहरीच. मोहरी झपाट्याने वाढते, पालाही भरपूर देते. परंतु शिसे मातीला घट्ट चिकटलेले असते आणि मोहरी ते आपणहून फारसे उचलत नाही, म्हणून मातीत ईडीटीए हे धातूला विरघळवून धरणारे रसायन ओतावे लागले. त्याबरोबर पानांतील शिसे वाढले खरे, पण विरघळलेले शिसे पावसाबरोबर खाली, भूजलाच्या दिशेनेही जाऊ लागते, आणि रसायनाचा खर्चही परवडत नाही, हे पुढच्या काळात चेनी यांनीच परखडपणे मांडले. आर्सेनिक, निकेल किंवा कॅडमियम उपसणाऱ्या वनस्पतींची गोष्ट वेगळी आणि आशादायक आहे. परंतु शिशाच्या बाबतीत शहरातल्या जमिनीसाठी स्वान्सीचा जुना, नम्र उपाय अधिक प्रामाणिक ठरला.

किल्व्हीवर झाडे पुन्हा वाढली असली, तरी त्यांच्या खालच्या मातीत तांबे आणि शिसे आजही आहे. धातूची सवय असलेल्या गवताची मूळ वसतिस्थाने, म्हणजे वेल्स आणि उत्तर इंग्लंडमधील जुन्या खाणींचे उघडे ढिगारे, मात्र वेगाने कमी होत आहेत, कारण दर वर्षी साचणारा पाला आणि हवेतून पडणारे नत्र यांनी त्यांच्यावर नवी माती धरू लागली आहे आणि सामान्य गवत व काटेरी झुडपे सहनशील गवताला मागे सारत आहेत. युरोपीय संघाने १९९२ च्या अधिवास-निर्देशात या धातूप्रधान कुरणांना संरक्षणाची नोंद दिली, आणि ब्रिटनमधील काही ठिकाणी निसर्गरक्षक आता वरचा सुपीक थर खरवडून काढून खालची शिसे व जस्ताची माती मुद्दाम पुन्हा उघडी करतात.